उरलेले अठरा दात आधी मोजा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ६४ वर्षांची, फोंडा तालुक्यात राहणारी निवृत्त शिक्षिका. गेल्या काही वर्षांत एकेक करत दहा दात गेले. वर उजवीकडच्या तीन आणि डावीकडच्या दोन दाढा नाहीत, खालीही तसंच. वरचे पुढचे दोन दात आता हलतात, त्यांच्यामध्ये फटही पडली आहे. गावच्या महिला भजनी मंडळात मी पुढे बसून गायचे; हल्ली ‘स’ आणि ‘श’ नीट उमटत नाहीत म्हणून मागे बसते. मुलगा इंग्लंडात असतो. अडीच महिन्यांनी चवथीला दोन आठवडे येतोय आणि त्या मुक्कामातच माझे ‘सगळे दात फिक्स’ करून द्यायचे असं त्याने ठरवलंय. त्याने शोधलेल्या दवाखान्यात सांगितलं, उरलेले सगळे दात काढायचे, वर चार आणि खाली चार इम्प्लांट (दात बसवण्यासाठी जबड्याच्या हाडात घालायचे धातूचे स्क्रू) घालायचे, तिसऱ्या दिवशी दात. खर्च सहा लाख. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, काढता-घालता येणारी कवळी करा, बावीस हजारांत होईल. माझ्या आईची कवळी रात्री पेल्यात पडलेली असायची, ती आठवून मला कवळी नको वाटते. पण या वयात सहा लाख तोंडात घालायचे का? आणि नाही म्हटलं तर मुलगा दुखावेल. मला मधुमेह आहे (शेवटचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ८.४), रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि हाडं ठिसूळ झाल्यामुळे पाच वर्षांपासून आठवड्यातून एकदा एक गोळी घेते. इम्प्लांट करू की कवळी?

उत्तर:

ताई,

तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेल्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली तीच सर्वांत मोठी गोष्ट आहे. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. ही बहुधा अ‍ॅलेंड्रोनेट किंवा त्याच कुळातलं औषध असेल. पाकिटावरचं नाव बघून घ्या. दोन्ही दवाखान्यांत तुम्ही तिचा उल्लेख केलात का, हे पत्रात नाही. मला वाटतं, केला नसेल. दातांच्या डॉक्टरांना मधुमेह सांगायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कमरेच्या आणि मणक्याच्या हाडांसाठीच्या गोळीचा दाताशी काय संबंध, असंच कुणालाही वाटेल.

संबंध असा आहे. आपलं हाड सतत झिजत असतं आणि सतत नव्याने भरत असतं. ही गोळी झीज मंदावते, म्हणून तुमची कंबर आणि मणके सुरक्षित राहतात. पण झीज आणि भरण ही जोडीने चालणारी कामं असल्यामुळे हाडाची एकूण दुरुस्तीच सावकाश होते. जबड्याच्या हाडाला दुरुस्तीची गरज फार, कारण रोजच्या चावण्याचा ताण त्याच्यावर असतो. त्यामुळे ही औषधं घेणाऱ्या काही थोड्या माणसांमध्ये दात काढल्यावर ती जागा भरूनच येत नाही, हाड उघडं राहतं, त्यात जंतुसंसर्ग होतो आणि महिनोन् महिने त्रास होतो. घाबरू नका. हाडांच्या ठिसूळपणासाठी तोंडाने गोळी घेणाऱ्यांत हे फार क्वचित घडतं, शंभरात एकाहूनही कमी. पण औषध चार वर्षांहून जास्त चाललं असेल तर धोका वाढतो, सोबत मधुमेह असेल तर आणखी वाढतो, आणि हे सुरू होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे दात काढणं.

आता मुलाने शोधलेली योजना या बाजूने पाहा. अठरा दात एकदम काढायचे आणि त्याच बैठकीत दोन्ही जबड्यांत आठ इम्प्लांट घालायचे. तुमच्यासाठी यापेक्षा मोठी जखम दुसरी कुठली करता येईल असं मला वाटत नाही. पैशांचा, वयाचा, मुलाच्या मनाचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

मात्र हे वाचून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हे अगदी कळकळीने सांगते. खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. दाढेवाचून कुणी खिळत नाही. ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्यांच्याकडे जा आणि विचारा, पाच वर्षं झाली, आता पुढे चालू ठेवायची की काही काळ थांबायचं? पाच वर्षांनी हा आढावा तसाही घ्यायचाच असतो. त्यांचं मत दोन ओळींत लिहून घ्या आणि ते दातांच्या डॉक्टरांना दाखवा. हे वाचणाऱ्या इतरांसाठीही: वर्षातून एकदा मिळणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं किंवा सहा महिन्यांनी मिळणारं डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेत असाल, तर तेही दातांच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. डेनोसुमॅब तर दातांसाठी म्हणून परस्पर पुढे ढकलूच नये, कारण ते थांबलं की मणक्यांची हाडं एकामागून एक पिचू शकतात. आणि कर्करोगाच्या उपचारात याच औषधांचे मोठे डोस मिळालेल्या रुग्णांमध्ये इम्प्लांट सहसा टाळतातच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच: दात काढायचा म्हणून आपणहून बंद करायच्या नाहीत, दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘उरलेले सगळे दात’. दहा गेले, पण अठरा आहेत. त्यांतले दोन हलतात असं तुम्ही लिहिता. म्हणजे सोळा दातांबद्दल तुमची तक्रारच नाही. चार कौलं फुटली म्हणून आपण अख्खं छप्पर उतरवत नाही. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती एक बारीक पडदा असतो; भातातला खडा दाताखाली आला की जबडा लगेच थांबतो, तो त्या पडद्यामुळे. इम्प्लांटला तो नसतो. तो थेट हाडात बसतो, जाणीव बोथट असते. चांगला, घट्ट, स्वतःचा दात काढून त्या जागी इम्प्लांट घालावा असं म्हणायला फार भक्कम कारण लागतं, आणि ‘एकदाच काम होऊन जाईल’ हे ते कारण नव्हे.

तुम्हाला सुचवलेल्या पद्धतीला ‘ऑल-ऑन-फोर’ म्हणतात. ती वाईट नाही, उलट योग्य माणसासाठी फार चांगली आहे. पोर्तुगालमधले दंतवैद्य पावलो मालो यांनी १९९० च्या दशकात ती रूढ केली. जबड्यात पुढे दोन इम्प्लांट सरळ आणि मागचे दोन तिरपे घालतात. मागचे तिरपे घातल्यामुळे वरच्या जबड्यात सायनसची (गालामागची, हवेची) पोकळी टाळता येते, खालच्या जबड्यात नस टाळता येते, आणि हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया बहुतेकदा वाचते. त्या चार खांबांवर दहा-बारा दातांचा एक अखंड पूल बसतो. ज्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही, किंवा उरलेले सगळेच पायरियाने इतके खिळखिळे झालेत की वाचवता येत नाहीत, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. तुम्ही त्यांच्यात बसत नाही.

तिसऱ्या दिवशी मिळणारे दात हे तात्पुरते, प्लास्टिकचे असतात, हेही नीट समजून घ्या. हाड इम्प्लांटला घट्ट धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वर चार ते सहा महिने घेतं. तोवर मऊ खायचं. पक्के दात त्यानंतर. म्हणजे चवथीला पंक्तीत बसाल तेव्हा पानात नेवऱ्या असतील आणि तुम्हाला पेज नि मऊ खिचडी. पक्के दात बसवायची वेळ येईल तेव्हा मुलगा इंग्लंडात असेल.

गोव्यात अशी घाईची पॅकेजं का दिसतात, तेही सांगते. इथे परदेशातून दात करून घ्यायला येणारे पुष्कळ. आपलेच इंग्लंड-पोर्तुगालला गेलेले लोकही सुट्टीत आले की दात करून जातात, कारण तिकडे खर्च फार. दोन आठवड्यांच्या सुट्टीत जेवढं बसेल तेवढं करायचं, म्हणून उपचारच तसा आखला जातो. त्या माणसाची ती गरज खरी आहे. पण ताई, तुम्ही तर इथेच राहता. दवाखाना तासाभराच्या अंतरावर आहे. तुमच्याकडे वर्षभराचा वेळ आहे आणि दातांच्या कामात वेळ हाताशी असणं फार मोलाचं असतं. सुट्टीवर आलेल्या माणसाचं वेळापत्रक तुम्ही का उसनं घ्यावं?

आता मूळ प्रश्नाकडे. ‘इम्प्लांट की कवळी’ असं तुम्ही विचारता, म्हणजे दहाच्या दहा जागा भरायच्याच हे तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. नेदरलँड्समधले दंतवैद्य कायसर यांनी १९८० च्या सुमारास हे दाखवून दिलं की पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील, एकमेकांना भिडणाऱ्या दातांच्या दहाएक जोड्या असतील, तर मागच्या दाढांवाचूनही बहुतेक माणसांचं चावणं, बोलणं, दिसणं नीट चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही म्हातारपणापर्यंत किमान वीस दात टिकावेत असंच उद्दिष्ट धरलं होतं, अठ्ठावीस नव्हे.

इथे ‘जोड्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दात एकटा चावत नाही. खाली उत्तम इम्प्लांट बसवला आणि वर त्याला भिडायला दाढच नसली तर तो पैसा हिरडीत पुरल्यासारखाच. तुमच्या वर्णनावरून मी मांडून पाहिलं: अक्कलदाढा सोडल्या तर तुमच्या उजवीकडे चार आणि डावीकडे पाच जोड्या आहेत. नऊ जोड्या. हे वाटतं तितकं वाईट नाही. उजवीकडे दोन जोड्या आणि डावीकडे एक वाढली तरी तुमचं तोंड समाधानाने काम करेल. शेवटच्या दाढा भरायचा हट्ट धरायचं कारण नाही.

पण काहीच केलं नाही तर? मागे आधार नसला की सगळं चावणं पुढच्या दातांवर येतं. पुढचे दात तोडण्यासाठी आहेत, चिरडण्यासाठी नव्हेत. त्यात हिरड्या कमजोर असल्या की वरचे पुढचे दात हळूहळू बाहेर झुकतात, त्यांच्यात फटी पडतात, ते हलू लागतात. तुमच्या त्या दोन दातांचं असंच झालं असावं. आणि ‘स’, ‘श’ बिघडले तेही बहुधा त्यामुळेच. ही अक्षरं पुढच्या दातांमागून हवा बारीक सोडून निघतात. तिथे फट पडली की हवा पसरते. म्हणजे मागे सहा लाखांच्या दाढा लावल्या तरी तुमचं गाणं त्याने सुधारेलच असं नाही. ते सुधारेल पुढचे दोन दात स्थिर झाल्याने. तुम्ही भजनात मागे सरकून बसता हे वाचून मला वाईट वाटलं, म्हणून उपचार आखताना डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: मी गाते, मला शब्द स्पष्ट हवेत. दातांच्या डॉक्टरांना माणूस तोंडाने काय काय करतो हे कुणी सांगतच नाही, सगळे फक्त किती दात नाहीत ते सांगतात.

म्हणून क्रम असा लावा. सगळ्यांत आधी हिरड्या. दहा दात कशाने गेले, किडून की हलून? हलून गेले असतील तर तो पायरिया अजून तोंडात आहे, आणि त्याच तोंडात इम्प्लांट घातला तर त्याच्याही भोवतीचं हाड तसंच झिजतं. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण त्याची हिरडी सुजते, हाड उतरतं, आणि दुखत नसल्यामुळे उशिरापर्यंत कळत नाही. ज्यांचे दात पायरियाने गेले त्यांच्यात हा धोका जास्त. हिरड्यांच्या तज्ज्ञाकडून मुळांपर्यंत सफाई करून घ्या, दोन-तीन महिने थांबा, मग ते हलणारे दोन दात पुन्हा तपासा. कधी कधी ते आवळतात. मागून बारीक तार किंवा पट्टी चिकटवून शेजारच्या दातांना बांधूनही ठेवता येतात.

त्याच काळात साखर. ८.४ वर शस्त्रक्रियेची घाई नको. सातच्या आसपास आणायचं ध्येय तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. साखर चढलेली असली की जखम भरत नाही, हाड इम्प्लांटला नीट धरत नाही. उलट हिरड्यांची सूज उतरली की साखरही थोडी उतरते, त्यामुळे ही दोन कामं एकमेकांना मदत करतात. घरात कुणी तंबाखू किंवा मशेरी लावत असेल आणि हे वाचत असेल, तर त्यांनी इम्प्लांटचा विचार करण्याआधी ती सोडावी. तंबाखूने हिरड्यांचं मातेरं होतं, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फसण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट असतं.

चवथीसाठी काय करायचं? तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून वर आणि खाली साधी, तात्पुरती काढती-घालती कवळी करून घ्या. पंधरवड्यात होते, खर्च फार नाही. पुढच्या दातांवरचा भार लगेच हलका होईल. शिवाय मागे दात आल्यावर तुम्हाला कसं वाटतं याचा अंदाज येईल, आणि त्या अंदाजावर पुढचा मोठा खर्च ठरवता येईल.

आईच्या कवळीची आठवण मला कळते. आपल्या पिढीतल्या पुष्कळ जणींच्या मनात तो पेला आहे. पण आईची बहुधा पूर्ण कवळी असणार, तोंडात एकही दात नसताना नुसत्या हिरडीवर टेकलेली. खालची पूर्ण कवळी तर जिभेच्या हालचालीने उचलली जाते, तिला धरायला काहीच नसतं. तुमची कवळी तुमच्याच नऊ-नऊ दातांना धरून बसेल. दोन्हींना कवळीच म्हणतात, पण अनुभव अगदी वेगळा. (ज्यांची खालची कवळी खरोखरच हलते, एकही दात नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट: खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी टिचकीच्या बटणासारखी अडकवता येते. कॅनडात २००२ साली तज्ज्ञांनी एकत्र बसून दातच नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं. आठ इम्प्लांटची गरज नसते, दोनांनी माणसाचं जेवण बदलतं. आपल्याकडे हा पर्याय रुग्णांना पुरेसा सांगितला जात नाही याची मला खंत आहे.)

पक्क्या कवळीत प्लास्टिकऐवजी कोबाल्ट-क्रोम धातूची पातळ चौकट असलेली करून घ्या. ती टाळूवर अरुंद पट्टीएवढीच जागा घेते, टाळू मोकळी राहते, अन्नाची चव लागते आणि गाताना जिभेला अडथळा होत नाही. दात पक्के लावण्याआधी मेणावर बसवून ट्रायल घेतात. त्या दिवशी खुर्चीतच एक अभंग सगळा म्हणून दाखवा. लाजू नका. शब्द अडकत असेल तर दाताची जागा तेव्हा सहज बदलता येते, नंतर नाही. नवी कवळी घातल्यावर घरी रोज मोठ्याने वाचन करा. दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते. रात्री ती काढून, ब्रशने घासून, पाण्यातच ठेवायची असते, इथे मात्र तुमच्या आईंचं बरोबरच होतं.

मग इम्प्लांट कुठे? तुमच्या बाबतीत त्यांची खरी जागा खालच्या जबड्यात आहे, तीही हाडांच्या गोळीचं उत्तर आणि साखर दोन्ही समाधानकारक असतील तरच. खालच्या काढत्या कवळीला मागे धरायला दात नसतो, त्यामुळे ती चावताना मागून दबते, पुढून उचलते, हिरडी दुखते. उजवीकडे दोन इम्प्लांट आणि त्यांवर दोन दातांचा पूल, डावीकडे एक इम्प्लांट आणि एक दाढ, एवढ्याने खालचं काम फिक्स होईल. त्याहून कमी खर्चात, दोन्ही बाजूंना मागे एकेकच इम्प्लांट घालून काढत्या कवळीलाच त्यांचा टेकू देता येतो. मला हा मधला मार्ग फार उपयोगी वाटतो. वरच्या जबड्यात मात्र दाढा गेल्यावर सायनसची पोकळी खाली उतरते, हाड पातळ होतं, आणि इम्प्लांटसाठी सायनस उचलून हाड भरावं लागण्याची शक्यता असते. तुमच्या गोळीचा विचार करता ते मी टाळेन आणि वर धातूची कवळीच ठेवेन. खाली फिक्स, वर काढती. कागदावर हे अर्धवट दिसतं, पण पुष्कळ रुग्ण या जोडीवर वर्षानुवर्षं समाधानी असतात.

इम्प्लांटच्या आधी सीबीसीटी नावाचा जबड्याचा स्कॅन हवाच. खालच्या जबड्यातून ओठाची नस जाते. ती किती खोल आहे हे साध्या एक्स-रेवर नीट कळत नाही, आणि तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. स्कॅन न करता इम्प्लांटचा दर सांगणाऱ्याकडे मी तरी तोंड उघडून बसणार नाही. ‘तीन दिवसांत दात’ म्हणून एकसंध, हाडाच्या खालच्या कठीण थरात घालायचे इम्प्लांटही हल्ली सुचवतात. त्यांच्या दीर्घकाळच्या टिकाऊपणाचा पुरावा नेहमीच्या इम्प्लांटएवढा भरभक्कम नाही. नेहमीच्या पद्धतीला मात्र मोठा इतिहास आहे: स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले आणि ते चाळीस वर्षांहून अधिक टिकले. नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात.

‘या वयात कशाला’ हा विचार मात्र सोडा. इम्प्लांटला वरची वयोमर्यादा नसते. ६४ म्हणजे अजून वीस-पंचवीस वर्षं जेवायचं आहे, गायचं आहे. वयाचा विचार करायचा तो वेगळ्या बाजूने: ऐंशीव्या वर्षी बोटं आखडली, नजर कमी झाली, तर हे दात कोण साफ करणार? म्हणून पूल सिमेंटने चिकटवलेला नको, स्क्रूने बसवलेला मागा. तो डॉक्टरांना काढून साफ करता येतो. खालून बारीक ब्रश जाईल एवढी जागा ठेवायला सांगा.

पैसे देण्याआधी लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात स्कॅन, इम्प्लांट, त्यावर दात बसवायचा जोड, त्यावरचे पक्के दात, तात्पुरते दात, हाड भरावं लागलं तर त्याचा खर्च, आणि इम्प्लांट धरला नाही तर पुढे काय, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. इम्प्लांटच्या डबीवरचा कंपनीचं नाव, माप आणि क्रमांक असलेला स्टिकर आपल्या फाइलला चिकटवून घ्या. एका कंपनीचा स्क्रू दुसरीला बसत नाही. उद्या मुलाकडे इंग्लंडात असताना स्क्रू सैल झाला तर तिथला डॉक्टर आधी हेच विचारेल. आणि दुसरं मत हवं असेल तर बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे, १९८० पासून. कृत्रिम दातांचा, हिरड्यांचा आणि तोंडाच्या शस्त्रक्रियेचा विभाग एकाच आवारात, शेजारीच गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. तुमच्यासारख्या, दातांबरोबर मधुमेह आणि हाडांचं औषध असणाऱ्या रुग्णाला ही सोय फार कामाची. रांग असते, सकाळ जाईल. पण तिथे कुणाला तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं.

मुलाबद्दल. तो चुकत नाहीये. तिथल्या दरांशी तुलना करता त्याला सहा लाख वाजवी वाटतात, आणि दोन आठवड्यांत आईसाठी काहीतरी भरीव करून जावं ही दूर राहणाऱ्या मुलाची ओढ आहे. त्याला नुसतं ‘नको’ म्हणू नका. फोनवर सांगा की हाडांच्या गोळीमुळे दात काढणं धोक्याचं आहे, त्यामुळे योजना बदलली आहे, आणि बदललेल्या योजनेत त्याची मदत हवी आहे. येईल त्या दोन आठवड्यांत त्याने तुम्हाला गोळीच्या डॉक्टरांकडे आणि बांबोळीला घेऊन जावं, तुमच्या शेजारी बसून प्रश्न विचारावेत, स्कॅनची वेळ आली असेल तर तो करून घ्यावा. खर्च सहा लाखांच्या बराच आत राहील. उरलेल्यातले थोडे दर सहा महिन्यांच्या तपासणीसाठी बाजूला ठेवायला सांगा. इम्प्लांट असोत वा कवळी, तो खर्च जन्मभराचा आहे आणि अंदाजपत्रकात कुणी लिहीत नाही.

या आठवड्यात दोनच कामं करा: गोळीच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि नेहमीच्या डॉक्टरांना तात्पुरत्या कवळीचं माप द्या. गोळीबद्दल काय ठरलं आणि नवा एचबीए१सी किती आला, ते मला कळवा. त्यावरून खालच्या इम्प्लांटबद्दल पुढचं बोलता येईल.